कापणीनंतरचं मैदान

विचुंब्याच्या रस्त्याला दोन टॉवरच्या मध्ये भाताचं एक शेत अजून शिल्लक आहे. वारसांचं जमत नाही की बिल्डरचं, मला माहीत नाही. पण दसरा उलटला की ते पिवळं पडतं आणि शाळेतून परतताना माझी स्कूटर तिथे आपोआप हळू होते. परवा तिथे कापणी चालू होती. चार बायका वाकून कापत होत्या आणि त्यांच्या मागे 'टू बीएचके, ताबा लगेच' असा भलामोठा बोर्ड. हेल्मेटची काच वर केली तर कापलेल्या भाताच्या बुडख्यांचा ओलसर, किंचित गोडसर वास आला. या वासाने म्हणे लोकांना प्रसन्न वाटतं. मला वाटत नाही. मी काच खाली करते आणि तिथून गाडी पळवते.

घरी येऊन फोन बघितला तर जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर बातमी आलेली. भारतीय महिला बेसबॉल संघाचं सराव शिबिर लागलंय, मुली निघाल्या. खाली अंगठे, जोडलेले हात, तिरंगे. मी फोन पालथा ठेवला आणि गवार मोडायला घेतली. पण हा ऑक्टोबर एकदा डोक्यात शिरला की गवार मोडून काही बाहेर जात नाही.

'असा संघ असतो?' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याच्या भुवया वर जायच्या आधीच मी उत्तर देते. असतो. मी होते त्यात. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आईने ही गोष्ट सांगायचंच बंद केलं, कारण पाहुणे विचारायचे, "म्हणजे क्रिकेट ना?" आणि आई नाइलाजाने "तसंच काहीसं" म्हणायची. टपाल नाक्याजवळच्या खेळाच्या दुकानात बेसबॉलच्या बॅटी मात्र कायम टांगलेल्या असायच्या, ओळीने. एकदा मी तिथे चेंडू मागितला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बॉल कोण घेतो? बॅट लोक गाडीत ठेवायला नेतात." म्हणजे पनवेलातल्या निम्म्या गाड्यांच्या सीटखाली माझ्या खेळाची बॅट होती आणि त्यातल्या एकीनेही आयुष्यात चेंडू बघितलेला नव्हता. रस्त्यावर गाडीला गाडी घासली की बाहेर काढायचं हत्यार, एवढीच आमच्या खेळाची गावाला ओळख.

खेळ कळत नसेल तरी बिघडत नाही. पिचर म्हणजे चेंडू फेकणारी. कॅचर म्हणजे तिच्या समोर उकिडवं बसून तो झेलणारी. मी कॅचर होते. तोंडावर जाळी, छातीला गादी, गुडघ्यांना ढाली, आणि डाव्या हातात पावासारखा फुगलेला ग्लोव्ह. पिचर होती दर्शना.

दर्शना विचुंब्याची, आगरी घरातली. आजोबांच्या काळात खाडीला मिठागर होतं, ते गेलं. वडीलही लवकर गेले. उरलं होतं भाताचं शेत आणि ते कसणारी आई. आमच्या पीटीच्या सरांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते बांधावर उभं राहून भातात शिरलेल्या म्हशीला ढेकूळ मारताना. म्हैस होती शेताच्या त्या टोकाला. सर मोटरसायकल उभी करून बघत राहिले आणि मग तिच्या आईला विचारायला गेले की पोरगी कॉलेजात कुठल्या वर्गाला आहे. आईला वाटलं म्हैस सरांची आहे. बराच वेळ ती म्हशीने केलेल्या नुकसानीबद्दलच बोलत होती आणि सर खांद्याबद्दल.

तो खांदा कुठून आला ते मला पुढे कळलं. कापणी झाली की भात झोडायचं असतं. दोन्ही हातांत पेंढी धरायची, डोक्यावरून मागे न्यायची आणि पूर्ण ताकदीने खाली फळीवर आपटायची. दाणे उडतात, पेंढी पुन्हा वर. दिवसभर. दर्शना हे लहानपणापासून करत होती. आमच्यासारख्या फ्लॅटमधल्या मुलींना सर महिनाभर शिकवत होते की ताकद कमरेतून यायला हवी, हात नुसता मागून येतो. ही बया पहिल्याच दिवशी आली ती कमरेतून फेकतच.

मैदान आम्हाला नव्हतं. कॉलेजच्या मैदानावर क्रिकेटवाले आणि त्यांचं पिच, त्यावर पाय ठेवायची चोरी. एकदा आमच्या चेंडूने वाचनालयाची काच फुटली आणि आमचं तिथे जाणंच बंद झालं. तेव्हा दर्शना म्हणाली, "आमचं शेत हाय ना. कापनी जाली की मोकलंच."

म्हणून आमचा हंगाम म्हणजे सुगीचा हंगाम. भात उभं असेपर्यंत आम्ही गच्चीवर दोरीच्या उड्या मारायचो आणि विचुंब्याहून दर्शनाचा निरोप यायची वाट बघायचो. निरोप आला की धावायच्या खुणांसाठी पोती, बॅट, ग्लोव्ह घेऊन निघायचं. सकाळी शेतावर दव असायचं, चेंडू पहिल्या दोन फेऱ्यांतच ओला होऊन जड व्हायचा. कापलेल्या भाताची धसकटं बुटाच्या तळव्यातून टोचायची. जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू धसकटाला लागला की कुठेही उडायचा. हनुवटी फुटली नाही अशी आमच्यात एकही मुलगी नव्हती. मध्ये एक बांध होता, तो फोडू द्यायला काकी तयार नव्हत्या. काकी म्हणजे दर्शनाची आई. "बांध फोरलात त पुढच्या वर्षी पानी काय तुमी धरून ठेवनार?" त्यांचं बरोबरच होतं. आम्ही बांधावरून उडी मारून पळायला शिकलो. पुढे परदेशात सपाट मैदानावर पळताना दर्शना आणि मी सवयीने अर्ध्या वाटेत उडी मारायचो, तिथले पंच चक्रावून बघायचे.

दुपारी ऊन कडक व्हायचं. उलव्याकडून विमानतळाच्या कामाचे सुरुंग ऐकू यायचे, पायाखालची जमीन हलल्याचं कळायचं. आम्ही भाताच्या रचलेल्या भाऱ्यांच्या सावलीला बसायचो आणि काकी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणायच्या. मी आमच्याकडच्या डब्यातली मेथीची भाजी दर्शनाच्या पानात वाढायचे, ती तोंड वाकडं करून खायची. "हे गवत आमी म्हशीला घालतो," म्हणायची.

तिचा चेंडू हातात यायचा तेव्हा कसं वाटायचं ते सांगून कळणार नाही, पण सांगते. आवाज आधी यायचा. कोरडा, भरीव. मग तळहातात जाळ. संध्याकाळी माझी पहिल्या बोटाची मुळी सुजलेली असायची आणि मी घरी जेवताना डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलू शकायचे नाही. मला त्याचा काय अभिमान वाटायचा! आईला वाटायचं मुलगी खुळी झाली. तिच्या चेंडूचा वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, गरजही नव्हती. दर्शनाला रात्री झोप लागली नाही, तिचं पोट बिघडलंय, काकींशी भांडण झालंय, सगळं मला पहिल्या तीन चेंडूंत कळायचं. ती माझी मैत्रीण होती हे खरंच, पण मैत्रीच्या आधी मी तिचा हात ओळखत होते.

आणि मग ती यादी लागली. भारतीय संघाच्या शिबिराला देशभरातून मुली बोलावल्या, त्यांत आम्ही दोघी. नीट ऐका, शिबिराला. त्यातून अर्ध्याहून जास्त मुली परत जाणार होत्या आणि उरतील तो संघ. दर्शनाने घरी हेच सांगितलं. काकींनी शेजारी सांगितलं. शेजारून ते दादूसकडे गेलं. दादूस म्हणजे तिचा चुलतभाऊ. गावात त्याला सगळेच दादूस म्हणतात. गळ्यात साखळी, पांढरे बूट, पुढच्या निवडणुकीत उभं राहायची घाई. मनाने वाईट नव्हता, हे मला आज लिहिताना जिवावर येतंय, पण नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या नाक्यावर फ्लेक्स. दोन मजली. 'विचुंबे गावची सुकन्या, भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधोमध दर्शनाचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, चेहरा गोरा केलेला. बाजूला चेंडू मारणारा कुठलातरी दाढीवाला परदेशी माणूस. वर नेत्यांची डोकी, खाली शुभेच्छुकांची डोकी, आणि त्या सगळ्यांत मोठं डोकं दादूसचं. आमच्याकडे वाढदिवस, बारावी, नवीन गाडी, काहीही झालं की फ्लेक्स लागतो. फ्लेक्स लागला म्हणजे गोष्ट झाली. ती खरोखर व्हायची आहे की नाही, हे मग कुणी विचारत नाही.

दर्शना पळत दादूसकडे गेली. मी होते तिच्याबरोबर. "दादूस, अजून निवड नाय जाली. उतरव ते."

तो हसला. "होईल गो. आपली पोर नाय घेनार त कोनाला घेनार? मी बोलून ठेवलंय सगल्यांना."

संध्याकाळी उघड्या जीपमधून तिची मिरवणूक निघाली. पुढे बेंजो, वर गुलाल, फटाक्यांची माळ. देवळासमोर शाल, श्रीफळ, गावच्या म्हाताऱ्यांनी डोक्यावर ठेवलेले हात. एका आजींनी तर तिच्या उजव्या हाताचा मुका घेतला. मी कोपऱ्यात उभी राहून हसत होते, खोटं कशाला बोलू. मलाही ते आवडलं होतं. दर्शना तेवढी हसत नव्हती. घरी आल्यावर ती काकींना म्हणाली, "आये, नाय जाली निवड त?"

काकींनी आधी तिच्या केसांतला गुलाल झटकला. मग म्हणाल्या, "आता तसं बोलायचं नाय. गावानं डोक्यावर घेतलंय." त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या.

शिबिर उत्तरेत होतं, एका विद्यापीठाच्या मैदानावर. हिरवंगार गवत, एक धसकट नाही. आमचं भात निम्मं झोडून झालं होतं. दर्शना येण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत झोडत होती, कारण काकींना मजूर मिळत नव्हते. तिथे सकाळी थंडी, बोटं आखडलेली, आणि ते लोक पहिल्याच दिवसापासून दोन्ही वेळ फेकायला लावायचे. चौथा की पाचवा दिवस असेल. तिचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये आला आणि मी चेंडूकडे बघत बसले. आवाज नव्हता. चेंडू आला होता, बरोबर जिथे मागितला तिथे आला होता, बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण तळहातात जाळ नव्हता.

रात्रीच्या जेवणाला ती डाव्या हाताने चमचा धरून भात खात होती. मी विचारलं, "कोपर?"

"काय नाय."

"दर्शना, मला नको सांगू. मी झेलते तुझा चेंडू."

मग तिने बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला हाताला लागेल अशी सूज. मी नुसतं बोट टेकवलं तर तिने श्वास आत ओढला. तिथल्या फिजिओने बघितलं आणि महिनाभर फेकणं बंद, असं सांगून टाकलं. बर्फ लावा, विश्रांती घ्या, पुढच्या वर्षी या. फिजिओ बिचारी शिकाऊ होती, तिच्या बोलण्याला शिबिरात किंमत नव्हती. पण ती जे बोलली ते बरोबर होतं, आणि ते आम्ही दोघींनीच ऐकलं.

खोलीवर आलो आणि आमचं जे भांडण झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, परत जाऊ. हात बरा होईल. पुढच्या वर्षी ये. तिने खिडकीकडे तोंड केलं.

"घरी काय सांगू? नाक्यावर काय लिवलंय तू वाचलंस ना?"

"खड्ड्यात गेला तो नाका."

"तू नवीन पनवेलला राहतेस, अनू. तुमच्या बिल्डिंगीत शेजारचा कोन हाय ते तुमाला ठाऊक नसतं. माजी आये रोज त्या नाक्यावरून पानी आनते."

मला राग आला. बोलण्याचा नाही, ती खरं बोलत होती याचा. मी दुसऱ्या दिवशी सरळ शिबिराच्या सरांकडे गेले आणि सांगितलं की हिचं कोपर गेलंय, हिला थांबवा. तिला बोलावलं. ती आली, म्हणाली, "सर, ही उगाच घाबरते. बघा तुमी." आणि त्यांच्यासमोर उभं राहून तिने चेंडू टाकले. सगळे पूर्ण जोरात. मी समोर बसले होते, तिचा चेहरा जाळीतून दिसत होता. शेवटच्या चेंडूला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते घाम पुसल्यासारखं पुसलं. सर खूश. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मैत्रिणीची चहाडी करायला आले होते. त्या दिवसापासून दर्शना माझ्याशी बोलायची बंद झाली. संघ जाहीर झाला. ती होती, मीही होते. काकींचा फोन आला, मागे बेंजोच वाजत होता.

स्पर्धा परदेशात होती. तिथल्या स्टेडियमबद्दल लोक विचारतात, मोठं होतं का. मोठं होतं. रिकामं होतं. सहा-सात माणसं आणि एक झोपलेला कुत्रा. आमच्या छातीवर देशाचं नाव, पाठीवर नंबर. दर्शनाची जर्सी पुरुषांच्या मापाची, तिने बाह्या सेफ्टी पिनेने वर धरल्या होत्या. समोर जपानच्या मुली. त्या सरावात वाकायच्या त्यासुद्धा एकाच वेळी. पहिल्या डावातच त्यांनी आम्हाला झोडपायला सुरुवात केली. आमच्या खेळात एक नियम आहे, एक संघ फारच मागे पडला की सामना मध्येच थांबवतात. इंग्रजीत त्याला दयेचा नियम म्हणतात. आमच्या सगळ्यांच्या मनात तेव्हा तोच होता. कधी एकदा दया येते.

दर्शनाला बदलता आलं असतं. संघाच्या सरांनी बाकावरून खूण केली, ती मान हलवून नाही म्हणाली. मी दोनदा तिच्या उंचवट्यावर, माउंडवर, गेले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "बस झालं, चल." ती म्हणाली, "जा बस जागेवर." मी जाऊन बसले. काय करणार? पिचरला उचलून बाहेर नेता येत नाही.

तिने हात मागे नेला, अगदी तसाच, पेंढी डोक्यावरून न्यावी तसा. आणि एक आवाज आला. मी पन्नास-साठ फुटांवर होते, तरी मला ऐकू आला. ओलं लाकूड मोडावं तसा. चेंडू निम्म्या वाटेत पडला आणि गडगडत माझ्यापर्यंत आला. ती खाली बसली नाही, ओरडली नाही. उजवा हात डाव्या हातात धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तो चेंडू का उचलला कोण जाणे. उचलला आणि धावले. बाजूच्या जपानी मुली टोप्या काढून उभ्या होत्या. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही.

परत आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. शेतं मोकळी, पेंढ्याचे ढीग, संध्याकाळी धूर जमिनीलगत पसरलेला. गावाच्या वेशीवर जीप तयार होती. मी दर्शनाबरोबर होते, तिची पिशवी माझ्याकडे. तिचा हात गळ्यातल्या झोळीत. दादूस पुढे आला, झोळी बघून क्षणभर त्याचा चेहरा पडला. मग त्याने शाल घेतली आणि तिच्या खांद्यावरून अशी पांघरली की झोळी झाकली गेली. एक टोक नीट खोचलं, मागे सरकून बघितलं, पुन्हा थोडं ओढलं. "आता फोटो चांगला येईल," तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला. नारळ तिने डाव्या हाताने घेतला. कुणीतरी विचारलं, "जिंकलात ना?" दर्शना म्हणाली, "हो." बेंजो सुरू झाला.

काकींना मात्र शालीआडचं दिसलं होतं. गर्दी पांगल्यावर त्यांनी तिला आत नेलं, शाल काढली आणि त्या हाताकडे बघत राहिल्या. रडल्या नाहीत. विचारलं, "झोडायला येईल का पुढच्या साली?" लोकांना हे वाचून त्या कठोर वाटतील. तसं नव्हतं. हात म्हणजे काय, हे त्यांना त्याच एका मापाने मोजता येत होतं आणि त्या मापाने जे गेलं ते सगळं गेलं होतं.

पुढच्या सालचा प्रश्न आलाच नाही. पावसाळ्याच्या आधी त्या शेतात मुरमाचे डंपर यायला लागले. बांध पहिल्याच दिवशी गेला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, ती पुढे ढकलली, मग राहूनच गेली. आमचा संघही असाच गेला. कुणी मोडला नाही, पुढल्या सुगीला जमायला जागा नव्हती म्हणून जमलो नाही. मुली नोकऱ्यांना लागल्या, कुणाकुणाची लग्नं झाली. मी शाळेत पीटी शिकवते. शाळेला मैदान नाही, इमारतीच्या पार्किंगमध्ये कवायत घेते, आणि मुलांना चेंडू आणायला बंदी आहे कारण वर राहणारे तक्रार करतात.

राग मात्र मी जपून ठेवला. दादूसचा चेहरा अजून खांबाखांबावर असतो, गणपतीच्या, नवरात्राच्या, कशाच्याही शुभेच्छा देत. सिग्नलला थांबले की मी त्याच्याकडे बघते आणि मनातल्या मनात अद्वातद्वा बोलते. इतकी वर्षं. मला वाटायचं, तो फ्लेक्स नसता तर ती परत आली असती. महिनाभर हात बांधून बसली असती. आज कदाचित ती मुलींना शिकवत असती. हा हिशेब मी इतक्यांदा केलाय की त्यात आता मला काही चूक दिसेनाशी झाली होती.

परवाची ती बातमी आल्यावर मला राहवेना. रविवारी दर्शनाकडे गेले. तिला खारघरजवळच्या ओवे गावात दिलीय. नवरा न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरवर असतो, आठवड्यातून दोन-तीनदा घरी. गॅलरीतून डोंगर दिसतो आणि त्याच्या पुढ्यात खारघरच्या इमारती. आमच्यातला अबोला कधीच संपला होता, तो कधी आणि कसा ते दोघींनाही आठवत नाही. ती मुलीची वेणी घालत होती. उजवा हात वर जात नाही म्हणून मुलीला जमिनीवर बसवते आणि स्वतः खुर्चीवर बसून, कोपर मांडीवर टेकवून घालते. मुलीला सवय आहे, ती आपणहून मान मागे करते.

वेणी झाली, मुलगी खाली खेळायला गेली, चहा आला. मी शिबिराची बातमी सांगितली. ती म्हणाली, "चांगलं हाय की." मग माझं नेहमीचं सुरू झालं. दादूस असा आणि दादूस तसा. त्याने तो फ्लेक्स लावला नसता तर.

तिने मला बोलू दिलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "तू उगाच त्याच्यावर दात खातेस, अनू. फ्लेक्स नसता तरी मी चेंडू टाकलाच असता."

मला वाटलं, ती मोठेपणाने बोलतेय. मी तसं म्हटलंही.

"नाय गं. शिबिराला होतो तेवा आयेचा फोन आयला होता. तुला बोल्ले नव्हते. शेत इकायचं ठरलं होतं. काकांनी, दादूसच्या बापानं, सगल्यांनी सह्या केलत्या, आयेची तेवढी राहिली होती. ती विचारत होती, करू का म्हनून. एकटीच्यानं ती काय अडवनार होती? मी बोल्ले, कर." तिने रिकामा कप थोडा बाजूला सरकवला. "तू बोलत होतीस, पुढच्या वर्षी. मना ठाऊक होतं पुढचं वर्ष नाय. माजं लग्नपन बोलून ठेवलं होतं."

मी म्हटलं, "मग नाक्याचं काय सांगितलंस मला? आई तिथून पाणी आणते, ते?"

"तेपन खरंच होतं. पन तुला ते सांगितलं म्हंजे तू त्याच्याशी भांडत बसशील, असं वाटलं. शेताचं सांगितलं असतं त तू रडली असतीस. मना तेवा तुजं रडनं झेपलं नसतं."

खाली मुलं ओरडत होती. तिने डाव्या हाताने उजवं कोपर चोळलं, सहज, तिच्या लक्षातही नसेल. मी तिला विचारलं की एकदा तरी असं वाटतं का, हात वाचवायला हवा होता.

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी अजून खेळच शिकलेली नाही.

"वाचवून ठेवला असता," ती म्हणाली, "त चेंडू फेकला कुठं असता?"

मी तिच्यासाठी इतकी वर्षं एका माणसाचा राग केला, आणि तो राग होता तोवर निदान असं वाटायचं की एक चूक झाली, ती टाळता आली असती. दर्शनाने तेवढंही ठेवलं नाही. घरी येताना सिग्नलला दादूसचा चेहरा होताच, दिवाळीच्या शुभेच्छा देत. मी त्याच्याकडे बघून काही बोलले नाही. बोलायला काही उरलंच नव्हतं.